आधी फाईल काढ

रामबाग, इंदूर

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. छातीचे फोटो पाहिले आणि लगेच पुसून टाकले. यापुढे असे फोटो मला काय, कोणालाच पाठवू नकोस. ‘फोटो पाठवा, खर्च सांगतो’ म्हणणाऱ्या इन्स्टाग्रामवरच्या क्लिनिकांना तर मुळीच नाही. छाती फोटोवरून कळत नाही. बसवून, उभं करून, हात वर करायला लावून, हाताने दाबून बघावी लागते. माझी उभी हयात प्लास्टिक सर्जनांच्या शेजारी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, गेली, पण मी सिस्टर आहे, डॉक्टर नाही. तेव्हा जे पाहिलं आणि शिकले तेवढंच लिहिते.

दिवाळीआधी दुसरं ऑपरेशन उरकून टाकू का, असं विचारतेस. छाती मोठी करायला इम्प्लांट, म्हणजे सिलिकॉनच्या पिशव्या, घातल्यास त्या पहिल्या ऑपरेशनला जेमतेम पाच महिने झालेत. उरकून टाकायची ही गोष्ट नव्हे. इम्प्लांट खाली सरकून जागेवर बसायला काही महिने जातात, सूज हळूहळू उतरते, आणि व्रण फिका पडायला वर्ष-दीड वर्षही लागतं. म्हणून तातडीचं कारण नसेल तर बहुतेक सर्जन निदान सहा महिने, पुष्कळदा वर्षभर हात लावत नाहीत. तातडीचं कारण म्हणजे काय, तेही ऐकून ठेव. एक बाजू अचानक फुगून टणक झाली, ताप आला, कातडी लाल आणि गरम लागली, टाक्यांतून पू किंवा पाणी आलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.

आता तुझ्या तक्रारीकडे येते. ‘सगळंच बिघडलंय’ असं तू लिहिलंस. सर्जनसमोर हे वाक्य कामाचं नाही. तुझाच मेसेज मी दोनदा वाचला, तर त्यात तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या: डावी बाजू कडक आणि वर ओढलेली, दोन्हीकडे आकार तुला हवा होता त्याहून मोठा, आणि वाकलं की कडेला वळ्या दिसतात. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

डाव्या बाजूचं आधी. शरीरात बाहेरची वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती पातळ पडदा विणतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. तो सगळ्यांनाच होतो, त्यात कोणाची चूक नसते. काहींचा मात्र आवळत जातो. पुरचुंडीचं तोंड आवळलं की आतलं कसं गोल, टणक होऊन वर गोळा होतं, तसंच. डॉक्टर त्याच्या बेकरच्या चार पायऱ्या सांगतात: पहिलीत मऊ, दुसरीत हाताला कडक पण दिसायला ठीक, तिसरीत आकारही बिघडलेला, चौथीत दुखणंसुद्धा. तुझी कोणती, ते तपासणाऱ्याने सांगायचं. पहिल्या दोन असतील तर बहुधा लक्ष ठेवतील. तिसरी-चौथी असेल तर वाट पाहून ती मऊ होईल अशी आशा धरू नकोस. मग कॅप्सूलला छेद देऊन सैल करणं किंवा ती काढून टाकणं, इम्प्लांट बदलणं, आणि पहिला स्नायूच्या वर असेल तर नवा स्नायूखाली ठेवणं, असे मार्ग असतात. आणि एक कडू गोष्ट: हे सगळं करूनही कॅप्सूल पुन्हा आवळू शकते. हे आपणहून न सांगणारा सर्जन मला आवडत नाही.

आकाराचं सोपं वाटतं, पण तसं नाही. मोठा काढून लहान बसवता येतो, मात्र ताणलेली कातडी आणि इम्प्लांट ठेवायला आत केलेला, आता मोठा झालेला कप्पा मागे राहतो. त्यात लहान इम्प्लांट सैल हिंडतो, म्हणून कप्पा आतून टाके घालून लहान करावा लागतो. कधी स्तन उचलण्याचं ऑपरेशन, मॅस्टोपेक्सी, जोडीला येतं आणि त्याचे व्रण वाढतात. लग्नानंतर लवकर मूल हवं असेल तर तेही सर्जनला आत्ताच सांग. गरोदरपणात आणि दूध पाजताना आकार पुन्हा बदलतो, आज उचललेलं उद्या उतरतं.

वळ्या म्हणजे रिपलिंग. अंगावर मांस कमी असलं की इम्प्लांटची कड कातडीतून दिसते. तू मुळात शिडशिडीत, त्यात मोठा आकार घातलास, म्हणजे हे होण्यासारखंच होतं. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून कडेला भरतात, पण भरलेल्या चरबीतला बराच भाग शरीर शोषून घेतं, त्यामुळे कधी दुसऱ्यांदा भरावी लागते.

चौथा रस्ता तू मेसेजमध्ये काढलाच नाहीस: दोन्ही काढून टाकणं आणि पुन्हा न घालणं. माझ्या डोळ्यांदेखत पुष्कळ बायकांनी हे केलंय. छाती आधी रिकामी, सैल दिसते, कातडी काही महिन्यांत थोडी आवळते, नाहीच आवळली तर उचलण्याचं ऑपरेशन. त्यात कसली हार नाही. मात्र रील पाहून ‘कॅप्सूलसकट अख्खं काढा’ असा हट्ट धरू नकोस. पडदा पातळ आणि निरोगी असेल तर तो पूर्ण खरवडताना विनाकारण जास्त चिरफाड होते, बरगड्यांवरून सोलावं लागतं. आजार असेल तेव्हा गोष्ट वेगळी.

आजाराचं निघालंच आहे तर सांगते. खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटांशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा, म्हणजे एका जातीच्या कॅन्सरचा, संबंध आढळला, आणि 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने तिचे बायोसेल जातीचे इम्प्लांट जगभरातून परत घेतले. घाबरू नकोस. फक्त काही वर्षांनी एखादी बाजू अचानक फुगली, तर आतलं पाणी तपासायला पाठवतात, एवढं लक्षात असू दे. सिलिकॉनचा आहे म्हणतेस, तर अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे औषधं आणि अशा वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, सल्ला असा की पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी, मग दर दोन-तीन वर्षांनी, कारण तो आत गुपचूप फाटू शकतो. पुढे कधी मॅमोग्राफी, म्हणजे छातीचा एक्स-रे, झाली तर आत इम्प्लांट आहे हे मशीनवरच्या ताईंना आधीच सांगायचं.

तुझा इम्प्लांट खरबरीत की गुळगुळीत, हे तुला माहीत नाही. म्हणूनच म्हणते, आधी फाईल काढ. इम्प्लांटच्या डब्यात सोलून चिकटवायचे छोटे स्टिकर येतात. डबा उघडला की आम्ही कंपनी, सीसी म्हणजे आकारमान, आणि नंबर मोठ्याने वाचायचो, सर्जन ‘हो’ म्हणाले की मगच आतलं पाकीट फाडायचं. मग एक स्टिकर केसपेपरवर आणि एक पेशंटच्या कार्डावर, डावा-उजवा वेगळा लिहून. ते कार्ड तुझ्या घरात कुठेतरी पडलेलं असेल, शोध. सापडलं नाही तर हॉस्पिटलला लेखी अर्ज दे. ऑपरेशन नोट, स्टिकरची प्रत, आधीचे फोटो, बिल, सगळं माग. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर डॉक्टरने 72 तासांत कागद द्यायला हवेत. अर्जाच्या प्रतीवर पोच घे, आवाज चढवू नकोस. ऑपरेशन नोटशिवाय दुसरा सर्जन अंधारात चिरतो: छेद कुठून, कप्पा स्नायूच्या वर की खाली, काहीच कळत नाही.

पहिल्याच सर्जनकडे जावं का? एकदा जरूर जा, राग कितीही असला तरी. आत काय केलंय ते त्यांना सगळ्यांत जास्त माहीत, आणि काही जण दुरुस्तीला स्वतःची फी घेत नाहीत. उत्तर टाळाटाळीचं वाटलं तर दुसरं मत घे. पाटीवर ‘कॉस्मेटिक सर्जन’ असून भागत नाही. प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का ते बघ, आणि दुरुस्तीची किती ऑपरेशनं करता ते थेट विचार. मुंबईच्या मोठ्या नावाची भुरळ तुला पडलीय. जा, पण ऑपरेशननंतर ड्रेनेजची नळी असते, टाके दाखवायचे असतात. आज अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई, चार दिवसांनी परत अवंतिका, हे दुखऱ्या छातीने कर म्हणजे कळेल. इंदुरात या कामाचे चांगले हात आहेत.

पैशांचं थोडक्यात. सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला विमा कंपन्या पैसे देत नाहीत, त्यातून उद्भवलेल्या त्रासालाही पुष्कळदा नाही, पॉलिसी वाच. वर 18 टक्के जीएसटी असतो. खर्च विचारताना इम्प्लांट, ओटी, भूल आणि कर वेगवेगळे लिहून घे. खरोखर हलगर्जीपणा झाला असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, त्याला मुदत दोन वर्षांची, आणि तिथेही हेच कागद लागतात.

आईला अजून सांगितलं नाहीस. आपल्या गल्लीत एका घरी कुकरची शिट्टी झाली तरी तिसऱ्या घरी वरण की खिचडी ते कळतं, म्हणून भीती वाटणं मी समजू शकते. पण भूल उतरल्यावर कोणीतरी घरचं लागतंच. तुझी आई आधी चिडेल, मग चार दिवस सूप करून घालेल. मी तिला शाळेपासून ओळखते. तू म्हणशील तर सांगताना मी सोबत बसेन.

येत्या रविवारी दुपारी ये, तुझ्या काकांची झोपायची वेळ असते. येताना सापडतील ते सगळे कागद आण, आपण तारखेप्रमाणे लावू. डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवते. त्या दिवशी पुढून बटणं असलेला सदरा घाल, कुर्ता नको, तपासताना अवघडायला होतं. आणि या तुझ्या तीन तक्रारी एका कागदावर लिहून ने, नाहीतर आत गेल्यावर निम्मं विसरशील.

तुझी,
मावशी