बॉल बदलायचा की पाय सरकवायचे? लेन आणि ऑइलबद्दल तुमचे प्रश्न

टेनपिन बोलिंगबद्दल (दहा पिना पाडायचा खेळ) या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्मे तरी "नवीन कुठला बॉल घेऊ" या टाइपचे आहेत आणि खरं सांगू का, त्यातल्या बऱ्याच जणांना नवीन बॉलची गरजच नाहीये. असो, एकेक घेऊ. मी उजव्या हाताने टाकणाऱ्यांच्या हिशोबाने लिहितोय, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचा.

प्रश्न: पहिल्या दोन गेमला बॉल मस्त पॉकेटमधे (१ आणि ३ नंबरच्या पिनांमधली फट) बसतो, तिसऱ्या गेमपासून सरळ हेडपिनच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या १ नंबरच्या पिनेच्या, नाकावर जातो आणि स्प्लिट पडतात (उरलेल्या पिना एकमेकींपासून लांब राहतात). मी तर काहीच बदललेलं नसतं. बॉलमधे प्रॉब्लेम आहे का?

तुम्ही काही बदललं नाही हाच तर प्रॉब्लेम आहे! लेन बदलली ना. फाउल लाइनपासून (जिच्या अलीकडून बॉल सोडायचा ती रेघ) हेडपिनपर्यंत ६० फूट, त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर ऑइल असतं आणि पुढचा भाग कोरडा. बॉल ऑइलवर घसरत जातो, कोरड्यावर पकड घेतो, तिथून वळतो. आता आजकालचे रिअ‍ॅक्टिव्ह बॉल ऑइल पितात, म्हणजे अक्षरशः शोषून घेतात, आणि तुम्ही (आणि तुमच्या लेनवरचे बाकीचे चार जण) तासभर त्याच पट्ट्यातून बॉल टाकताय, मग त्या पट्ट्यातलं ऑइल उडणारच. बॉलला पकड लवकर मिळते, लवकर वळतो, नाकावर जातो.

उपाय अगदी साधा आहे पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. बॉल ज्या बाजूला चुकला त्याच बाजूला पाय सरकवायचे. जास्त डावीकडे गेला तर उभं डावीकडे राहायचं. सुरुवात म्हणून पाय २ बोर्ड (लेनच्या लांब उभ्या पट्ट्या) डावीकडे, नजर १ बोर्ड डावीकडे (नजर म्हणजे साधारण १५ फुटांवर जे बाण असतात त्यांच्या हिशोबाने, दर ५ बोर्डांवर एक बाण असतो). म्हणजे बॉल परत ऑइलमधून जातो. जमलं नाही तर अजून एकदा तेवढंच.

आणि स्प्लिट पडायची वाट बघू नका, पिना आधीच सांगतात. स्ट्राइक (पहिल्याच बॉलला सगळ्या पिना) पडायला हवा होता पण ४ नंबरची पिन उभी राहिली, तर बॉल थोडा जास्त आत शिरतोय. १० नंबर (मागच्या रांगेत उजव्या कोपऱ्यातली) उभी राहिली तर तिच्या पुढच्या ६ नंबरकडे बघा: ती १० च्या मानेभोवती फिरून गेली तर जरासंच चुकलंय, पण ६ नंबर गटरमधे (लेनच्या कडेची खाच) नुसती आडवी पडली असेल तर बॉल पिनांपर्यंत पोचेपर्यंत दमलेला आहे, म्हणजे त्याने ताकद आधीच लेनवर खर्च केली. तेव्हा पण बहुतेक वेळा डावीकडे सरकणं किंवा जास्त गुळगुळीत बॉल घेणं हेच उत्तर असतं. मी स्वतः सुरुवातीला वर्षभर त्या आडव्या ६ नंबरला "नशीब" म्हणत होतो.

उलटं पण होतं बरं का. बाजूचे लोक प्लास्टिकचे हाऊस बॉल (सेंटरमधे ठेवलेले, सगळ्यांसाठीचे) टाकत असतील तर ते ऑइल पीत नाहीत, ओढून पुढे नेतात, आणि मग जिथे कोरडं हवं तिथेच निसरडा थर बसतो. बॉल वळतच नाही. तेव्हा थोडं उजवीकडे या, किंवा स्पीड जरा कमी करा.

प्रश्न: आत्तापर्यंत हाऊस बॉलने खेळलो, आता स्वतःचा पहिला बॉल घेतोय. सॉलिड, पर्ल, हायब्रिड, युरेथेन, डोकं भंजाळलंय. सगळ्यात जास्त हुक होणारा, म्हणजे वळणारा, घेऊ का?

नका घेऊ. जास्त हुकवाला बॉल खूप ऑइलसाठी बनवलेला असतो, आणि तुम्ही ज्या लेनवर खेळता तिथे मधे ऑइल जास्त आणि बाहेरच्या बोर्डांवर कमी असं असतं. तिथे तो बाहेर जरासा गेला की असा काही वळतो की हेडपिनच्या पलीकडे निघून जातो.

थोडक्यात बघा. बॉलचं वरचं कवच सगळ्यात महत्त्वाचं. प्लास्टिक म्हणजे पॉलिएस्टर, जवळजवळ सरळ जातो. युरेथेन लवकर पकड घेतो आणि हळूहळू, गोल वळतो. रिअ‍ॅक्टिव्हमधे सॉलिड लवकर पकडतो, पर्ल पुढपर्यंत घसरत जाऊन शेवटी झटक्यात वळतो, हायब्रिड दोघांच्या मधला. पहिला बॉल मधल्या ताकदीचा हायब्रिड किंवा सॉलिड घ्या, आणि जमलं तर एक प्लास्टिकचा स्पेअरसाठी, म्हणजे उरलेल्या पिना पाडायला. आतला कोर, आरजी, डिफरन्शियल वगैरे आकडे दुकानात खूप ऐकवतात (बॉलच्या आत वजन कसं वाटलंय त्याची मापं; आरजी नियमाने २.४६ ते २.८० मधे, डिफरन्शियल जास्तीत जास्त ०.०६०), ते खोटे नाहीत पण पहिल्या बॉलला त्यात झोप घालवू नका. त्यापेक्षा भोकं तुमच्या हाताच्या मापाने पाडून घ्या. माप बरोबर असेल तर हाऊस बॉलपेक्षा एखादा पाउंड जड बॉल पण हलका वाटतो कारण हात आवळून धरावा लागत नाही.

प्रश्न: घेतला तेव्हा बॉल भारी वळायचा, आठ महिन्यांत हुक मेला. फेकून नवीन घेऊ?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर नेहमी तेच, आधी बॉल हातात घेऊन त्याच्यावरून बोट फिरवा. चकाकतोय? तिथेच आलं सगळं.

नवीन बॉलला कारखान्यातून एक ठरावीक खरखरीतपणा देऊन पाठवतात, ५०० ग्रिटपासून ४००० पर्यंत, वर कधी पॉलिश. आकडा लहान म्हणजे खरखरीत, तो ऑइलमधे लवकर पकडतो आणि सावकाश वळतो. आकडा मोठा म्हणजे गुळगुळीत, पुढपर्यंत घसरतो. लेनवर घासून घासून हा खरखरीतपणा थोड्याच गेममधे कमी व्हायला लागतो, वरून ऑइल मुरलेलं. म्हणजे तुम्ही २००० ग्रिटचा म्हणून घेतलेला बॉल आता भलताच कुठला तरी बॉल झालाय, आणि दोष मात्र कोरला.

तर, प्रत्येक शॉटनंतर मायक्रोफायबरने पुसायचा, खेळून झालं की बॉल थंड व्हायच्या आधी क्लीनरने. अधूनमधून घासायचा पॅड ओला करून चारही बाजूंनी सारखा घासायचा, एका बाजूला जास्त दाबायचं नाही. साठेक गेम झाले की प्रो शॉपमधे (बोलिंगच्या सामानाचं दुकान) पूर्ण सरफेस करून आणि मुरलेलं ऑइल काढून घ्या. घरी ओव्हनमधे बॉल तापवायचे प्रयोग करू नका प्लीज, तडकतो.

एकच बॉल असेल तर हाच तुमचा सगळ्यात स्वस्त "दुसरा बॉल" आहे. लेनवर ऑइल जास्त वाटलं तर १००० ने घासा, कोरडी वाटली तर ४००० करा किंवा पॉलिश मारा. पण हे खेळ सुरू व्हायच्या आधी! यूएसबीसीच्या (अमेरिकेची बोलिंग संघटना) मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळ चालू असताना सरफेस बदलता येत नाही, आणि २०१९ पासून लिक्विड क्लीनर पण चालत नाही, फक्त कोरडा टॉवेल.

प्रश्न: पहिल्यांदाच टूर्नामेंट खेळतोय, पॅटर्नचा कागद (लेनवर ऑइल कुठे आणि किती लांब ते) दिलाय, ४४ फूट लिहिलंय. याचं काय करू?

४४ मधून ३१ वजा करा, १३. म्हणजे ऑइल संपतं तिथे तुमचा बॉल साधारण १३ व्या बोर्डच्या आसपास असायला हवा, उजव्या गटरकडून मोजून. ३५ फुटांचा पॅटर्न असता तर ४, म्हणजे जवळजवळ गटरच्या काठाने. कारण सोपं आहे, ऑइल लांबपर्यंत असेल तर वळायला कोरडी जागा कमी उरते, मग फार बाहेर गेलेला बॉल परत येतच नाही. ऑइल लवकर संपलं तर वळायला जागाच जागा, म्हणून बाहेरून यायचं.

हा फक्त पहिला अंदाज आहे, प्रॅक्टिसच्या बॉलमधे तपासून घ्या. आणि एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगतो: रोजच्या लेनवर बाहेर चुकलं तर कोरडं बॉलला परत आणतं, आत चुकलं तर ऑइल धरून ठेवतं. स्पर्धेच्या पॅटर्नमधे आतबाहेर ऑइलमधे एवढा फरक नसतो, सांभाळून घेणारं कुणी नाही. स्कोअर तीस-चाळीसने खाली आला तरी घाबरू नका. ४४ साठी सुरुवात सॉलिडने, थोडा खरखरीत ठेवून. छोट्या पॅटर्नला युरेथेन असेल तर काढा.

प्रश्न: १० नंबरची पिन एकटी उरली की माझी सुटतेच.

प्लास्टिकचा बॉल, डावीकडे उभे राहा, लेनच्या आरपार तिरका टाका, मनगट फिरवू नका. प्लास्टिक नसेल तर हाऊस बॉल उचला, बरेच मोठे खेळाडू पण त्या पिनेवर हुक टाकत बसत नाहीत.