गरवणाऱ्यांचे प्रश्न : रॉड होल्डर घट्ट कसा बसवावा?

प्रश्न : पुळणीत पीव्हीसी पाइप रोवून त्यात रॉड ठेवतो. मोठा मासा लागला की पाइपसकट रॉड पाण्याकडे आडवा होतो. जास्त जाड पाइप घ्यावा का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : जाडीने फरक पडणार नाही. पाइप पुरेसा खोल गेलेला नसतो आणि रिळाचा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी किती जोराने सुटावी हे ठरवणारा ब्रेक) आवळलेला असतो, म्हणून तो आडवा होतो.

१२० सेंटिमीटर लांबीचा, आतून ४० ते ५० मिलिमीटर व्यासाचा पाइप पुरतो. त्याचं खालचं टोक तिरकं कापा आणि किमान ४५ सेंटिमीटर वाळूत घाला. वरून हातोडा मारू नका. तोंडाची कड चिरते आणि तीच धार पुढे रॉडला घासते. पाइप डावी-उजवीकडे हलवत, बुडाशी पाणी ओतत दाबला की सहज उतरतो. जागा निवडताना कोरडी भुसभुशीत वाळू टाळा. लाटेचं पाणी येतं-जातं ती जागाही नको, कारण परतणारं पाणी बुडाची वाळू उकरून नेतं. त्याच्या वरचा दमट, घट्ट पट्टा योग्य. गुहागरसारख्या सपाट किनाऱ्यावर भरतीचं पाणी भराभर वर सरकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच, म्हणून पाइप वेळोवेळी मागे घ्यावा लागतो.

पाइपच्या तोंडापासून ५० सेंटिमीटर खाली आरपार बोल्ट टाका. रॉडचं बूड त्यावर टेकेल, वाळूत जाणार नाही आणि रीळ तोंडाच्या वर मोकळं राहील. रिळाचा पाय (रॉडला जोडायचा भाग) पाइपच्या कडेवर टेकत असेल तर बोल्ट थोडा वर घ्या. सगळा भार त्या पायावर आला तर तो मोडतो.

आता ड्रॅग. तंगूस (गळाची नायलॉन दोरी) १० किलो भार पेलणारा असेल तर हातात धरून खेळवताना ड्रॅग अडीच-तीन किलोवर ठेवतात. होल्डरमध्ये तो एक किलोच्या आसपास हवा. स्प्रिंगच्या काट्याला तंगूस अडकवून ओढा म्हणजे नेमका कळतो. लाटेच्या ओढीने तंगूस सुटू नये, माशाने ओढल्यावर मात्र सुटावा. तंगुसाऐवजी वेणीची (धागे विणलेली) दोरी वापरत असाल तर जास्तच सांभाळा. ती ताणत नाही, त्यामुळे सगळा हिसका थेट होल्डरवर येतो. मासा लागला की आधी रॉड हातात घ्या, मग ड्रॅग आवळा.

शेवटचा आधार म्हणजे राखण-दोरी. चार मिलिमीटरची, दीड मीटर नायलॉन दोरी रिळाच्या पायाला बांधा आणि दुसरं टोक वेगळ्या खुंटीला. पाइपलाच बांधली तर पाइप उपटताना दोन्ही जातील.

प्रश्न : जेटीच्या कठड्याला रॉड होल्डरचा क्लॅम्प लावतो, पण तो फिरतो. (हर्णे)

उत्तर : गोल पाइपावर नुसता धातू घसरणारच. मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा दुहेरी घाला आणि एकाऐवजी दोन बोल्टांचा क्लॅम्प घ्या. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या. खाऱ्या हवेत ३०४ वर लवकर डाग पडतात. क्लॅम्प ॲल्युमिनियमचा असेल तर बोल्टला ग्रीस लावा, नाहीतर दोन धातू एकमेकांत जाम होतात. होड्या बांधायच्या खांबावर होल्डर लावू नका, तिथे दोरखंड फिरतात. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा.

प्रश्न : कॅनडातला भाऊ गोठलेल्या तळ्यावर मासे धरतो. त्याचा होल्डर इथे चालेल का? (वेंगुर्ले)

उत्तर : नाही. तिथे रॉड साधारण ६० ते ९० सेंटिमीटरचा असतो आणि तंगूस बर्फातल्या भोकातून सरळ खाली जातो, म्हणून होल्डर बुटका आणि पसरट असतो. मासा रॉड भोकात ओढून नेईल हीच भीती. त्यावर उपाय म्हणून होल्डरच्या पायांभोवती ओला बर्फाचा भुगा दाबून गोठू देतात. आपल्याकडे तंगूस लाटांच्या वरून न्यायचा असतो, त्यासाठी उंची लागते. ड्रॅग सैल आणि राखण-दोरी हे दोन नियम मात्र तिथेही हेच.

प्रश्न : खडपावर (खडकाळ किनाऱ्यावर) काय वापरावं? (आंजर्ले)

उत्तर : खडपाच्या फटीत पाइप ठोकू नका, तो भरवशाचा बसत नाही. तिपाई घ्या आणि तिच्या मध्यावर दगडांची पिशवी लटकवा, म्हणजे वजन खाली राहतं. रॉड दोन असतील तर त्यांत दोन-तीन मीटर अंतर ठेवा. आणि तिपाई लाटेने जाऊ लागली तर जाऊ द्या, तिच्यामागे ओल्या खडपावर धावू नका. शेवाळावर पाय ठरत नाही.