मे महिन्यात पुणे ते पोखरा: कागदांआधी उन्हाचं बघा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही दोघं मित्र दोन साडेतीनशे सीसीच्या मोटरसायकलींवर, सोनौलीच्या सीमा नाक्यामार्गे नेपाळमधल्या पोखराला निघताय. मला विचारलेले प्रश्न जवळपास सगळे सीमेवरच्या कागदांचे, उन्हाबद्दल फक्त 'जाळीचं जॅकेट पुरेल ना?' एवढंच. माझ्या मते काळजी उलटी करायला हवी. कागदांचं काम एका सकाळीत उरकतं. खरा कस लागतो तो नागपूर ते गोरखपूर.

समृद्धीचा विचार सोडा, तिथे दुचाकीला बंदी आहे. जालना, मेहकर, कारंजा, वर्धा या जुन्या रस्त्याने नागपूर, मग सिवनी, जबलपूर, कटनी, रीवा, प्रयागराज. रस्ता बराचसा चौपदरी आणि छान आहे. त्यामुळेच घोटाळा होतो: गाडी पळतेय म्हणून माणूस थांबतच नाही.

आता जाळीचं जॅकेट. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा लागला की बरं वाटतं. पारा ४४ वर गेला की तोच वारा अंगात उष्णता ओततो आणि घाम जाणवायच्या आत उडवून नेतो. 'मला तर घामच येत नव्हता' असं सांगणारे भेटतात. येत असतो, दिसत नसतो. म्हणून रीव्यापर्यंतच्या कोरड्या उन्हात आत पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट घाला, पंपावरच्या नळाखाली तो अंगावरच चिंब करा, वर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढा आणि हवा बेताचीच आत येऊ द्या. पहिली दहा मिनिटं अक्षरशः हुडहुडी भरते. अर्ध्या-पाऊण तासात शर्ट खडखडीत वाळतो. वाळला की थांबायचं. वेगळा अलार्म लागत नाही. हेल्मेटखाली दुपट्टा ओला करून बांधा, विदर्भात सगळे बांधतात ते उगाच नाही.

प्रयागराजच्या पुढे ही युक्ती लंगडी पडते. पुरवैया, म्हणजे पूर्वेचा दमट वारा, सुटला की ओला शर्ट ओलाच राहतो आणि गारवा काही मिळत नाही. तिथे जाळीचं जॅकेट पूर्ण उघडं ठेवा आणि घड्याळावर भिस्त ठेवा. पहाटे साडेचारला चाक हललं पाहिजे, अकराला खोलीत पंख्याखाली. संध्याकाळी थोडं अंतर कापता येतं, पण अंधार पडायच्या आत थांबा. मोकाट गुरं आणि बिनदिव्यांच्या ट्रॉल्या उन्हापेक्षा वाईट.

नुसतं पाणी ढोसू नका. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात अर्धी नव्हे. उत्तर प्रदेशात बेलाचं सरबत आणि खारं सत्तू मिळेल, जरूर प्या. दर थांब्यावर एकमेकांशी चार वाक्यं बोला. जोडीदार असंबद्ध बोलू लागला किंवा त्याला गरगरायला लागलं, तर 'पुढच्या ढाब्यावर बघू' चालणार नाही. सावली, अंगावर पाणी, वारा आणि थेट दवाखाना. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

टायरची हवा पहाटे, गाडी थंड असताना तपासा. दुपारी तापलेल्या टायरमधून हवा सोडायला सांगणारे महाभाग भेटतील, ऐकू नका.

आता सीमा. आदल्या रात्री गोरखपूर किंवा नौतनवाला मुक्काम करा आणि सकाळी लवकर सोनौली गाठा. ट्रकची रांग पाहून घाबरू नका, ती तुमची नाही. फाटकाच्या अलीकडेच हातात फॉर्म नाचवत पोरं गाडीला खेटून पळतात. हसून पुढे जा. पलीकडे बेलहियाला भन्सार, म्हणजे कस्टम्सची, खिडकी आहे. तिथे आरसी, लायसन्स आणि पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागेल. झेरॉक्स भरपूर ठेवा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र, कर्ज चालू असेल तर बँकेचं पत्र. शुल्क दिवसाप्रमाणे असतं. एक दिवस जास्तीचाच भरा, कारण मुदत उलटली तर परतताना दंड. पावतीवरची तारीख विक्रम संवताची असते. त्यातला 'जेठ' सौर महिना, मेच्या मध्याला सुरू होतो. आपल्या कालनिर्णयातल्या ज्येष्ठाशी जुळवत बसू नका, शेवटची इंग्रजी तारीख तिथल्याच माणसाकडून पावतीवर लिहून घ्या. यातायात, म्हणजे वाहतूक खात्याचा, परवानाही लगेच करून टाका.

विम्याचं मात्र निघण्याआधीच. आपली पॉलिसी भारतापुरती असते. जादा हप्ता भरून नेपाळची भौगोलिक वाढ जोडून मिळते. एजंट 'काही लागत नाही' म्हणेल. तरी घ्या. पैशांचं सोपं आहे, आपला १ रुपया म्हणजे नेपाळी १.६०, शंभराच्या नोटा जवळ असू द्या.

सीमेपलीकडच्या बुटवल शहरापासून पोखराकडे जाणारा सिद्धार्थ राजमार्ग धरा. सुरुवातीचा सिद्धबाबाचा टप्पा दरडींसाठी बदनाम आहे; पाऊस झाला असेल तर आधी बुटवलमध्ये चौकशी करा. त्या दिवशी पोखराचा हट्ट धरू नका, वाटेतल्या तानसेन गावी थांबा. उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, खाली तराईच्या सपाटीवर भाजून निघाल्यावर तिथे जीव थाऱ्यावर येतो. आणि रेनकोट बॅगेत वरच ठेवा, डोंगरात मे महिन्याची दुपार वळवाशिवाय जाईलच याचा भरवसा नसतो.