कुत्र्याचं पिल्लू घरात शू करतं? आधी एवढंच करा

ताई, पिल्लू घरात शू करतं म्हणून घाबरू नका. तीन महिन्यांचं पिल्लू जेमतेम तीन तास थांबू शकतं, जागं असताना त्याहून कमीच. ते हट्ट करत नाहीये, त्याला अजून जमतच नाही.

सुरुवातीला वेळ सांभाळा. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच बाहेर, रोज त्याच जागी. शू झाली की तिथंच, त्याच क्षणी खाऊ द्या. घरात आल्यावर दिलेला खाऊ कशाचा, हे त्याला कळत नाही.

सगळ्यांच्या हातून होणाऱ्या चुका:
- नाक घासणं, ओरडणं. हे कृपा करून नकोच. ते लपून करायला शिकतं, मग पलंगाखाली सापडतं.
- नुसतं फिनाईल. आपल्याला वास येत नाही, त्याला येतो आणि ते पुन्हा तिथंच जातं. एन्झाइमवालं, म्हणजे शूचा वास मुळापासून घालवणारं क्लीनर वापरा.
- पाणी तोडणं. नागपूरच्या मे महिन्यात तर अजिबात नाही! पाणी जास्त प्यालं तर फेऱ्या वाढवा. दुपारी डांबरावर पंजे भाजतात, तेव्हा अंगणातली सावली किंवा गच्चीचा सावलीतला कोपरा ठरवा.

तुम्ही घरी आल्यावर आनंदानं थेंब गळतात, ते वेगळं. खाली बसून शांतपणे भेटा, बहुतेक पिल्लांचं वयानुसार थांबतं.

मात्र वारंवार थोडी थोडी शू, रक्त, किंवा शिकलेल्या कुत्र्याचं अचानक बिघडणं म्हणजे आधी डॉक्टर. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही दाखवता येईल.

रात्रीचं आणि पिंजऱ्यात ठेवायच्या सवयीचं नंतर बघू.