बीडच्या उन्हाळ्यात केमिकल पील करावं का?

तुम्ही विचारलंय, गालांवर वांग आहे, मे महिन्यात दिराचं लग्न आहे आणि पार्लरवाली म्हणते एका पीलमध्ये जाईल, तर करू का?

ताई, नका करू. मी लातूरची. हेच ऐकून एका एप्रिलमध्ये पार्लरमध्ये पील करून आले. आठवडाभर सालं निघाली, मग चेहरा असा चकाकला की मी खूश. महिन्याभरात वांगाच्या जागी आधीपेक्षा गडद डाग. शेजारच्या काकूंनी विचारलं, "चहा सांडला का गं गालावर?"

मग गाठले स्किनचे डॉक्टर. पील म्हणजे आम्ल लावून कातडीचा वरचा थर सोलणं. मुरुमांना सॅलिसिलिक, कारण ते तेलात विरघळून छिद्रात शिरतं. वांगाला बहुतेकदा ग्लायकोलिक. ते उसातही असतं, म्हणजे आपल्याच शिवारातलं! आपली सावळी-गव्हाळ कातडी जरा भाजली तरी काळा डाग ठेवते, म्हणून फिनॉलसारखं खोल पील आपल्याकडे सहसा टाळतात.

डॉक्टरांनी आधी तीन आठवडे रात्रीचं क्रीम आणि सनस्क्रीन लावायला लावलं, पील थेट दिवाळीनंतर. ब्रशने आम्ल फिरवलं, नर्सने छोटा पंखा धरला, डॉक्टरांची नजर घड्याळावर. तिसऱ्या मिनिटाला नाकाशेजारी मिरची लागल्यासारखं झालं, तसं लगेच सोड्याच्या पाण्याने थांबवलं. पार्लरवाली त्या वेळी फोनवर बोलत होती, हे मला तिथे खुर्चीत बसल्यावर आठवलं.

पंधरा-पंधरा दिवसांनी पाच वेळा केलं. वांग फिकं झालं, गेलं नाही. दर उन्हाळ्यात थोडं डोकं वर काढतंच.

जाल तेव्हा कोणतं आम्ल, किती टक्के, हे विचारा. दिवस गेले असतील, मुरुमांच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, ओठांवर वरचेवर फोड येत असतील तर आधी सांगा. मेडिकलवरून आणलेली गोरं करायची ट्यूब लावत असाल तर तीही सोबत न्या. अशा ट्यूबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं.

लग्नापुरतं कन्सीलरने भागवा. सनस्क्रीन मात्र आजपासूनच, स्कार्फ बांधला तरी त्याच्या आतून.