ग्रामीण रुग्णालयातल्या स्टाफचं बीपी-शुगर शिबिर कसं घ्यावं

सिस्टर, तुमचा प्रश्न असा आहे: 29 सप्टेंबरला, म्हणजे जागतिक हृदय दिनाला, परभणी जिल्ह्यातल्या तुमच्या ग्रामीण रुग्णालयात चाळीसेक जणांच्या स्टाफचं बीपी, शुगर, ईसीजीचं शिबिर घ्यायचंय, तर त्याची मांडणी कशी करावी?

पहिलं म्हणजे सरसकट ईसीजी काढू नका. काही त्रास नसलेल्या माणसाचा ईसीजी बहुतेक वेळा नॉर्मल निघतो आणि तो कागद खिशात घालून माणूस पुन्हा तंबाखू मळायला मोकळा होतो. तो वेळ बीपीला द्या. नीट मोजायचं तर माणशी दहा मिनिटं जातात, म्हणून चाळीस जण एका दिवसात उरकू नका. तीन-चार दिवसांत विभागा आणि ड्यूटीवर चढण्याआधी मोजा. नाइट संपवून आलेल्याचं त्या सकाळी मोजूच नका.

आपण पेशंटला पाच मिनिटं बसवतो आणि स्वतःचं मात्र राउंड उरकून, ओपीडीच्या टेबलाला टेकून, बोलत बोलत बघतो. असं रीडिंग हमखास वाढीव येतं. आधीचा अर्धा तास चहा आणि तंबाखू बंद. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) छातीच्या पातळीला. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला तरी रीडिंग सात-आठने चढतं. दंडाचा घेर टेपने मोजा: 22 ते 32 सेंटिमीटरला नेहमीचा कफ चालतो, त्यापुढे मोठा लागतो. तुमच्याकडे मोठा कफ नसेल तर शिबिराआधी मागवून घ्या, कारण जाड दंडाला छोटा कफ लावला की नसलेलं बीपी दिसतं. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा.

शेवटी रजिस्टर उघडून फक्त शेवटचे अंक बघा. डायलच्या मशीनवर खुणा दोन-दोनच्या असतात, म्हणजे शेवटी 2, 4, 6, 8 हे अंकही शून्याइतकेच यायला हवेत. सगळीकडे 120/80, 130/90 अशी शून्यंच दिसली तर कुणीतरी अंदाजपंचे लिहिलंय, परत मोजा.

140/90 किंवा त्याहून जास्त आलं म्हणून त्याच दिवशी कुणाच्या कपाळी बीपीचा शिक्का मारू नका. दंडाचं डिजिटल मशीन घरी द्या. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन रीडिंग, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरची सरासरी 135/85 किंवा वर असेल तर मेडिकल ऑफिसरकडे. 180/110 च्या वर असेल आणि छातीत दुखणं, धाप, एका बाजूची कमजोरी यांपैकी काही असेल तर लगेच कॅज्युअल्टी. त्रास काहीच नसेल तर शांत बसवून परत मोजा आणि तसंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पण जिभेखाली निफेडिपिनची (बीपी उतरवायच्या औषधाची) कॅप्सूल फोडू नका. बीपी धाडकन उतरलं तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडतो. ही सवय अजून बऱ्याच ठिकाणी गेलेली नाही.

शुगरला एक खोच आहे. पेशंटला डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेची, सलाइन लावून आलेल्या हाताच्या बोटावर साखर असते, आणि सॅनिटायझरने ती जात नाही. साबण-पाण्याने हात धुऊन, कोरडे करून, मगच टोचा. नाइटवाल्यांना उपाशीपोटी यायला जमत नाही, त्यांच्यासाठी एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) सोयीचं. मात्र सोबत हिमोग्लोबिन बघा, कारण लोहाच्या कमतरतेत एचबीए1सी खोटं वाढलेलं येऊ शकतं. कंबर मोजायला पैसे लागत नाहीत: पुरुष 90, बायका 80 सेंटिमीटर, त्यापुढे धोका.

मामा, मावशी (वॉर्डबॉय, आया), सफाईवाले, कंत्राटी ड्रायव्हर यांना पहिल्या दिवशी बोलवा. शिबिरं डॉक्टर-सिस्टरांपाशीच संपतात, आणि गुटखा, मिश्री इकडेच जास्त. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर मावशी नाही म्हणतील, ‘मिश्री लावता का?’ असं विचारा. आणि कुणाचंही रीडिंग स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही.

औषधं विचारताना कंबरदुखीच्या गोळीचं नक्की विचारा. वॉर्डात उभं राहून पाठ धरते म्हणून डायक्लोफेनॅक रोज खाणारे बरेच असतात, त्याने बीपी वाढतं आणि बीपीच्या गोळीचा जोरही कमी होतो. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेणाऱ्यांना हे बजावून सांगा की ड्यूटीत जेवण हुकणार असेल तर गोळी आधी घेऊन ठेवायची नाही, शुगर उतरते आणि घाम फुटून ऑपरेशन थिएटरमध्येच खाली बसायची वेळ येते. डोस कसा बसवायचा ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

खाण्यात भाकरीला कुणी दोष देऊ नये, मीठ ठेचा-लोणचं-पापडातून जातं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत हवं. उन्हाळ्यात मात्र एक घोळ होतो: पारा 42 च्या वर गेला की स्टाफ दिवसभर ओआरएस पीत बसतो. एका लिटरच्या पाकिटात 2.6 ग्रॅम मीठ असतं, वर सोडियम सायट्रेट वेगळं. जुलाब-उलट्या किंवा उन्हाचा त्रास झाला असेल तर जरूर घ्या, एरवी साधं पाणी आणि बिनमिठाचं ताक. नाइटला मुख्य जेवण ड्यूटीआधी, मध्यरात्रीनंतर मूठभर फुटाणे-शेंगदाणे पुरे. रोस्टर तुमच्या हातात असेल तर सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने फिरवा, उलटं फिरवलं की झोप बसत नाही.

ईसीजी मशीन वापरायचं ते इथे: ड्यूटीवर कुणाच्याही छातीत, जबड्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखलं, घाम फुटला तर दहा मिनिटांत ईसीजी, पॅन्टोपचं (अॅसिडिटीचं) इंजेक्शन त्यानंतर. पहिला नॉर्मल आला आणि दुखणं चालू असेल तर पंधरा मिनिटांनी पुन्हा काढा. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर अ‍ॅस्पिरिन 325 मिलिग्रॅम चावून खायला द्या. रात्री टेक्निशियन नसतो, म्हणून प्रत्येक सिस्टरला लीड (ईसीजीच्या तारा) लावता आल्या पाहिजेत. छातीवरच्या व्ही1, व्ही2 या लीड बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत लावा. घाईत त्या वर लागतात आणि जुन्या अ‍ॅटॅकसारखं चित्र उगाच दिसतं.