सुट्टीत कार्यशाळा करू, इंटर्नशिप करू की वडिलांच्या साइटवर जाऊ?

प्रश्न : सर, मी बी. आर्क.च्या (वास्तुकला पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं गाव औसा तालुक्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गातले चारपाच जण दक्षिणेत मातीच्या बांधकामाच्या १० दिवसांच्या कार्यशाळेला चालले आहेत. प्रवास धरून १८ हजार रुपये लागतील. पुण्यातल्या एका ऑफिसात दीड महिन्याची इंटर्नशिप मिळते आहे, पण पैसे देणार नाहीत आणि काम फक्त थ्रीडी व्ह्यूचं, म्हणजे संगणकावर इमारतीची चित्रं काढायचं आहे. माझे वडील गवंडी आहेत. ते म्हणतात, 'माझ्याबरोबर साइटवर चल, रोजंदारीही मिळेल.' वडील काय करतात हे मी वर्गात कुणाला सांगितलेलं नाही. काय करू?

उत्तर :

तू वडिलांबरोबर जा. पूर्ण सहा आठवडे जा. १८ हजार वाचतील हा त्यातला फायदा आहेच, पण मी तो दुय्यम मानतो.

जगभरातली वास्तुकला महाविद्यालयं ज्यासाठी धडपडतात ती गोष्ट तुझ्या घरात आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९६७ पासून पदव्युत्तर पहिल्या वर्षाची मुलं मिळून एक इमारत आखतात आणि स्वतःच्या हातांनी बांधतात. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाने १९९३ मध्ये 'रूरल स्टुडिओ' सुरू केला. तिथले विद्यार्थी खेड्यात राहून गरीब कुटुंबांसाठी घरं बांधतात. आपल्याकडे अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात काही आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रम घेतं, ऑरोव्हिलची अर्थ इन्स्टिट्यूट मातीच्या विटा आणि कमानींच्या कार्यशाळा घेते. हे सगळं एकाच कारणासाठी चालतं. कागदावर दोन समांतर रेघा मारल्या की नऊ इंची भिंत होते, पण ती भिंत किती जड आहे, उन्हात ती उभी करायला किती वेळ लागतो, कुठे चुकली की पाडावी लागते, हे रेघ मारणाऱ्या हाताला कळत नाही.

मात्र साइटवर नुसतं जाऊन भागणार नाही. विटा वाहण्यात सहा आठवडे गेले तर अंग दुखेल आणि हाती फारसं काही लागणार नाही. वडिलांना आधीच सांगून ठेव की मला सगळी कामं आलटून पालटून हवीत. आखणीच्या दिवशी हजर राहा. तीन, चार, पाच फुटांचा त्रिकोण करून काटकोन काढतात, तो शाळेतल्या पायथागोरसाचाच. लेव्हल पाइपमधल्या पाण्याने साठ फुटांवरच्या दोन खांबांवर एकच पातळी कशी मिळते ते स्वतः धरून बघ. मग वीटकाम. वीट आधी पाण्यात का भिजवायची? कोरडी वीट मालातलं (सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं) पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो. वरच्या थरातला उभा सांधा खालच्या सांध्यावर का येऊ द्यायचा नाही, हे एकदा कोपरा स्वतः रचलास की कुणी समजावून सांगायची गरज उरणार नाही. दोन दिवस सळई बांधणाऱ्यांबरोबर काढ, दोन दिवस सेंट्रिंगवाल्यांबरोबर.

रोज संध्याकाळी वहीत एकच जोड काढायचा, १:५ प्रमाणात, मापांसह. खिडकीचा उंबरा, जिन्याची पायरी, स्लॅब आणि पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा) सांधा, काहीही. खाली एक ओळ : असं का केलं. वडिलांचं उत्तर आणि तुझ्या पुस्तकातलं उत्तर जुळलं नाही तर दोन्ही लिही. काही वेळा पुस्तक अपुरं निघेल, काही वेळा साइटची सवय चुकीची निघेल. काँक्रीट सहज पसरावं म्हणून जास्तीचं पाणी ओतलं जातं, आणि त्याने ताकद कमी होते. हे वडिलांशी बोलताना शब्द जपून वापर, पण बोल. ही वही कॉलेजच्या कुठल्याही सबमिशनइतकीच मोलाची ठरेल.

आता मातीच्या कार्यशाळेबद्दल. ती वाईट नाही, फक्त यंदा नको. तुझ्या तालुक्यात माळवदाची घरं अजून उभी असतील. लाकडी खांब, दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जाड छत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशी हजारो घरं कोसळली. दोष मातीला देऊन लोक मोकळे झाले. पण त्या भिंती म्हणजे आत आणि बाहेर दगडांचे दोन वेगळे पदर होते, त्यांना एकत्र बांधणारे भिंतीच्या आरपार जाणारे दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. हादऱ्याने पदर सुटले आणि छताचं ओझं अंगावर आलं. म्हणूनच नंतर दुरुस्ती-मजबुतीच्या कामात छताचं वजन कमी करायला, आरपार सांधणारे काँक्रीटचे तुकडे घालायला आणि भिंतींना पट्टे बांधायला सांगितलं गेलं. तुझ्या आजी-आजोबांच्या पिढीने ती पहाट पाहिली आहे. त्यांच्याकडून ऐक. सुट्टीतल्या चार रविवारी असं एक घर मोजून त्याची पूर्ण ड्रॉइंग्ज तयार कर. अशा मोजणी-नोंदीला वास्तुकला विद्यार्थ्यांच्या 'नासा' संघटनेच्या स्पर्धेत लुई कान ट्रॉफी हा स्वतंत्र विभाग आहे, तेव्हा कॉलेजच्या संघालाही ती उपयोगी पडतील.

एवढं केल्यावर पुढच्या वर्षी मातीच्या कार्यशाळेला जा. तेव्हा तुझ्याकडे विचारायला नेमका प्रश्न असेल : हे बांधकाम भूकंपात कसं टिकवता? ऑरोव्हिलमध्ये मातीत साधारण ५ टक्के सिमेंट मिसळून दाबयंत्रात विटा पाडतात, त्या भाजाव्या लागत नाहीत. भूजच्या २००१ च्या भूकंपानंतर तिथे 'हुन्नरशाला' या संस्थेने मातीची घरं बांधली. तिथल्या माणसांशी तू बरोबरीने बोलू शकशील. पैसे भरण्याआधी आयोजकांना विचार की एका गटात किती जण, शिकवायला प्रत्यक्ष कारागीर आहेत का, आणि बांधलेलं पुढे वापरात राहतं की शेवटच्या दिवशी पाडतात. चाळीस जणांत दोन थाप्या असतील तर प्रमाणपत्र मिळेल आणि हात कोरडे राहतील.

पुण्याच्या इंटर्नशिपला मी नकोच म्हणेन. दीड महिना बिनपगारी व्ह्यू काढून तू सॉफ्टवेअरमध्ये जरा वेगवान होशील, तेवढंच. पुढे अभ्यासक्रमात प्रत्यक्ष प्रशिक्षणाचं एक अख्खं सत्र येणार आहे. ते वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्या आर्किटेक्टच्या हाताखालीच करावं लागतं. ऑफिस निवडताना त्यांचा नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपास आणि आठवड्यातून निदान दोन दिवस साइटवर पाठवतील का, हे मुलाखतीतच विचार. वडिलांबरोबरचे सहा आठवडे त्या सत्रात धरले जाणार नाहीत. आणि हेही ध्यानात ठेव की कितीही कार्यशाळा केल्या तरी १९७२ च्या कायद्याप्रमाणे पदवी आणि नोंदणी असल्याशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. त्यामुळे पाच वर्षं नेटाने पूर्ण करायची.

राहिली वडील काय करतात हे वर्गात न सांगितल्याची तुझी ओळ. तीच वाचून मी उत्तर लांबवलं. वास्तुकार बाळकृष्ण दोशी पुण्यात फर्निचरचा व्यवसाय असलेल्या घरात जन्मले, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, १९५१ मध्ये पॅरिसला जगप्रसिद्ध वास्तुकार ल कॉर्बुझिएंच्या हाताखाली कामाला लागले, १९६२ मध्ये त्यांनी अहमदाबादचं वास्तुकला विद्यालय उभं केलं आणि २०१८ मध्ये त्यांना वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. वास्तुकार लॉरी बेकर केरळात गवंड्यांच्या शेजारी उभे राहून घरं बांधत. विटा उभ्या ठेवून आत पोकळी सोडणारी त्यांची 'रॅट ट्रॅप' भिंत जवळपास पाव विटा वाचवते, आणि ती रचायला तुझ्या वडिलांसारखाच सराईत हात लागतो. सुट्टीत दोघं मिळून कंपाउंडची चार फूट भिंत तशी रचून बघा.

पोर्टफोलिओत या सुट्टीचं एक पान ठेव आणि वर स्पष्ट लिही : 'गवंडीकाम, सहा आठवडे, वडिलांच्या हाताखाली.' वहीतले पाच जोड त्यावर लाव. आणि माळवद उतरवायचं काम वडिलांनी कधी केलं आहे का, ते विचारून मला कळव. केलं असेल तर त्यांना आत काय काय सापडलं, तेही लिही.